विहीणबाईंना गेलेले दोन फोटो

मुलीच्या साखरपुड्याला आठ दिवस उरले असताना मी माझ्या होणाऱ्या विहीणबाईंना दोन उघडेवाघडे फोटो पाठवले. फोटो माझे नव्हते, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल.

ते चांदीचे होते. चांदी म्हणजे आमची गवळाऊ गाय. तळेगावात माझं कापडाचं दुकान आहे आणि दुकानामागे गोठा. गिऱ्हाईक रोज रुसतं, चांदी कधी रुसली नाही. त्या सकाळी मात्र ती कासेला हात लावू देईना. जनावरांचे डॉक्टर परगावी होते. म्हणाले, "फोटो पाठवा, पाहून सांगतो." मी गाईशेजारी उकिडवा बसलो आणि इतक्या जवळून फोटो काढले की त्यात शेपूट नाही, पाय नाही, नुसती गुलाबीसर गोल कातडी आणि चार सड! (बारकावे टिपायची मला पहिल्यापासून हौस.) डॉक्टरांच्या नावावर बोट नेलं, आणि नेमका त्याच क्षणी हिंगणीहून विहीणबाईंचा साड्यांबद्दलचा निरोप आला. त्यांचं नाव टुणकन वर येऊन बसलं आणि बोट पडलं ते त्यांच्यावर. खाली मी लिहिलं, "सकाळपासून असं आहे. पाहून लगेच सांगा. घरात कुणाला चैन नाही."

नुसते फोटो गेले असते तर शेंबडं पोरही म्हणालं असतं, ही गाय आहे. पण जावईबापूंनी आईच्या काळजीपोटी तिच्या फोनमध्ये एक पहारेकरी बसवून ठेवला होता. नको ते चित्र आलं की तो त्यावर धुकं पसरतो आणि बजावतो, 'या फोटोत नग्नता असू शकते. तरीही पाहायचा?' तर धुक्याखाली दोन फोटो, वर ही सूचना, आणि त्याच्याही वर, नावाशेजारच्या फोटोत, फेटा बांधून हसणारा मी!

निरोप पाठवून विहीणबाई शेतात गेल्या होत्या. फोन घरीच चार्जिंगला. तो पाहिला मुलाच्या मामांनी. त्यांचा मला फोन आला.

"भाऊजी, हे काय पाठवून राह्यले तुम्ही?"

"काय पाठवलं?"

"मले तोंडानं सांगता येत नाई!"

"तुम्ही पाह्यलं का पण?"

"राम राम राम! पाह्यलं असतं त मले आंघोळ करा लागली असती!"

मी मोबाइल उघडला आणि कपाळाला हात लावला. माझी मुलगी प्राजू धावत आली. "बाबा, हटवा आधी ते!" मी चपळाईनं हटवलं. चपळाईत 'फक्त माझ्यासाठी हटवा' दाबलं. आता फोटो माझ्याकडून गेले आणि हिंगणीत राहिले. प्राजू रडायच्या बेतात आली. तिनं आणि मुलानं एकमेकांना मनापासून पसंत केलं होतं, आणि ती सोयरीक माझ्या एका बोटावर लटकत होती.

मग मी खुलासा पाठवला. थोडक्यात आणि सभ्य भाषेत. "कृपया गैरसमज नको. ते फोटो आमच्या चांदीचे आहेत."

मामांचा पुन्हा फोन. आवाज बसलेला. "भाऊजी... हे चांदी कोण?"

"गाय आहे हो, गाय!"

"आता गाय म्हणता तुम्ही! अख्खी बैठक बसली हाय इथं. कोणी म्हणते पाहा, कोणी म्हणते नको. बटन दाबाले कोणीच तयार नाई."

माझी बायको मंदा शांतपणे म्हणाली, "पाहा म्हणा न त्याईले. काऊन भेतात?" पण पाहणार कोण? चार कर्ते पुरुष एका धुक्यासमोर हात बांधून बसले होते.

तेवढ्यात विहीणबाई शेतातून आल्या. पुढचं मी मामांच्या चालू राहिलेल्या फोनवर ऐकलं. "फोन माया, आला मले, मंग पाहीन त मीच पाहीन!" बैठकीत कुणीतरी "अहो..." म्हणालं. इकडे मी फोन कानाशी घट्ट दाबला.

मग त्यांचाच खणखणीत आवाज. "भाऊ, मागचा डावा सड सुजून दगडी झाला हाय. वासराले त्या सडाचं दूध पाजू नका. डॉक्टरले आजच बोलवजा, उद्यावर टाकलं त सड जाईन!" आणि मग बैठकीकडे वळून, "गाईची कास हाय. एवढ्याले भेले तुम्ही?"

मी फोनला हात जोडले. खरंच जोडले. कशाची शहानिशा न करता घाबरायचं, यात आम्ही पुरुष पटाईत. या बाईनं आधी पाहिलं, मग बोलली, आणि बोलली तेही आधी गाईबद्दल! माझी चूक, माझी अब्रू, सोयरीक, सगळं तिच्या लेखी नंतर. प्राजू अशा घरी जाणार, या विचारानं माझा ऊर भरून आला.

डॉक्टर दुपारी परगावाहून थेट गोठ्यात आले. सड वाचला.

साखरपुड्यात विहीणबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पोरीचा फोटो पाहून आमी महिनाभर विचार केला. गाईचा पाह्यला अन् समजलं, हे घर जनावराले जीव लावते."

मंदानं लगेच पुस्ती जोडली. "दोन हायत न आमच्याकडं. एक दावणीले बांधलं हाय, अन् एकाच्या हातात मोबाइल हाय."

सगळे हसले. मीही हसलो, पण मनात म्हटलं, त्यातल्या त्यात दावणीचं हुशार. ते लाथ मारतं, पण ज्याला मारायची त्यालाच लागते.