मोझरीचे दोन दिवस आणि बाजाराच्या दिवशीची गोळी

माझा लेक वसंता भाजी पिकवतो आणि आठवड्यात तीन गावांच्या बाजारात बसून स्वतःच विकतो. दिवाळीनंतर वांग्याचं पोतं उचलताना त्याच्या छातीत कळ आली. अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, रक्तदाब वाढलाय, हृदय थकलंय. रोज गोळी आणि आराम. गोळीला हो म्हणाला. आरामाला म्हणाला, "मंग कोथिंबीर माहा बाप येईन का विकाले?" बाप जाऊन बारा वर्षं झाली. म्हणून मीच हट्ट धरला, मले मोझरीच्या आश्रमात नेऊन दे. आजारी माणूस माझा सोबती होऊन निघाला.

परतवाड्याहून सकाळची एसटी धरा. दीड-दोन तासांत अमरावती, तिथून नागपूर रस्त्यानं मोझरी तासाभरावर. पंच्याहत्तरी ओलांडली असेल तर आधार कार्ड न्या, तिकीट लागत नाही. वसंताचं लागलं, तर माझ्याकडे असा पाहत होता जणू मीच लबाडी केली. सोबत भाकर-मेथी होती, मीठ बेताचं.

खोली साधी मिळते, आधी विचारून जावं. संध्याकाळच्या प्रार्थनेला एवढी माणसं गप्प बसली, पण वसंताचा गुडघा हलतच होता आणि हात खिशातल्या फोनवर.

दुसऱ्या दुपारी तो गाढ झोपला. मी त्याची पिशवी आवरायला घेतली. मला अक्षर येत नाही, हे नातच लिहून घेते आहे; पण बोटांना मोजता येतं. पंधरा गोळ्यांचं पाकीट पंधरा दिवसांपूर्वी फोडलेलं. सहा गोळ्या शिल्लक. तेवढ्या दिवसांत बाजार किती भरले? सहा.

उठल्यावर पाकीट पुढे धरलं. "काहून रे?"

"गोळी घेतली का घडीघडी लघवीले लागते, आई. दुकान कोनावर टाकू?"

"अन् छाती कोनावर टाकली?"

नात अकोल्याला नर्स आहे. तिला फोन लावला. ती बापावर ओरडली नाही. म्हणाली, "बाबा, ओझं, घासाघीस, उपाशी पोट. त्याच दिवशी काळजावर सगळ्यात जास्त ताण येते. अन् त्याच दिवशी तुमी गोळी सोडता."

"मेलो असतो का मी?" वसंतानं हळूच विचारलं.

"परतताना आधी डॉक्टरले खरं सांगा," ती म्हणाली.

परतताना अमरावतीत उतरून डॉक्टरांना खरं सांगितलं. त्यांनी गोळीची वेळ बदलून दिली. एवढंच होतं, आणि ते सांगायची त्याला लाज वाटली होती.

आता बाजारातून आला की तो तासभर खाटेवर पडतो. फोन माझ्या ताब्यात. पाकीट देव्हाऱ्याजवळ खिळ्याला टांगलंय. परवा बाजार होता. तो घोरत असताना मी पाकीट चाचपलं. बोट नव्या भोकात गेलं.