दादाची मान

पत्र्याच्या कारखान्यात प्रेस मशीनवर उमेदीची वर्षं घालवून माझ्या दादाचे कान गेले. तिथे त्या धडधडीत कुणालाच काही ऐकू येत नाही. त्यामुळे रीतच पडलेली, की कुणी काही बोललं तर मान हलवायची आणि कामाला लागायचं. घरीही तो तेच करायचा. वहिनी म्हणायची, "यांच्याशी भांडणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. पण भिंत निदान हो हो करत नाही."

कारखान्यातून तांब्याची तार चोरीला गेली आणि बालंट दादावर आलं. वकील करायची आमची ऐपत नव्हती, म्हणून कोर्टानेच एक फुकटचा वकील दिला. त्या गृहस्थाने दादाला पहिल्यांदा पाहिलं ते थेट कोर्टाच्या दारात.

"गुन्हा कबूल आहे?" न्यायाधीशांनी विचारलं. वकील पुढच्या खटल्याची फाइल चाळत होता. दादाने मान हलवली.

"त्याला ऐकू येत नाही हो," मी मागच्या बाकावरून ओरडले, तर शिपायाने मलाच बाहेर काढलं.

अपीलही फेटाळलं गेलं, तेव्हा मी कायद्याला प्रवेश घेतला. कॉलेजातले सर म्हणतात, "हुशार आहेस, कंपन्यांची कामं घे. फुकटच्या वकिलाला कुत्रं विचारत नाही." मला तर तेच व्हायचंय.

काल तुरुंगात काचेपलीकडच्या दादाला मी हे सांगितलं. त्याने हसून मान हलवली.

"मी काय म्हणाले, सांग बघू," मी विचारलं.

त्याने पुन्हा मान हलवली.