सहाशे फुटांवरची ‘सरी’

पवनकुमार लाड यांच्या वडिलांचं नाव हणमंतराव. पुराणात हे नातं उलटं आहे. तिथे पवन बाप आणि हनुमान मुलगा. हवाई दलातल्या प्रत्येक नव्या तळावर ही गंमत कुणाला तरी सुचायची, आणि ती आपल्यालाच पहिल्यांदा सुचली असं त्याला वाटायचं. पवनकुमार ती घरी सांगत तेव्हा हणमंतरावांचं ठरलेलं उत्तर असे, “नाव माझ्या वडिलांनी ठेवलं. त्यांना विचारा.” ते आजोबा जाऊन बराच काळ लोटला आहे.

लाडांचं घराणं शहाजीराजांच्या फौजेबरोबर बंगळूरला आलं, असं घरात सांगतात. हणमंतराव यशवंतपूरच्या बाजार आवारात कांदा-बटाट्याचे ठोक व्यापारी. घरात मराठी, गाळ्यावर कन्नड, आणि दोन्हींच्या मध्ये कुंपण असं नाही. मराठी वाक्याच्या शेवटी ‘सरी’ लागलं नाही तर ते पुरं झालं असं या घरात कुणाला वाटत नाही. सरी म्हणजे ठीक, बरोबर, चालेल, कळलं.

पवनकुमारांनी वीस वर्षं हवाई दलाची मालवाहू विमानं उडवली, शेवटी येलहंक्याला इतरांना शिकवलं, विंग कमांडर म्हणून बाहेर पडले आणि एका विमान कंपनीत सहवैमानिक झाले. येलहंक्याचा तळ, हेब्बाळचं घर आणि देवनहळ्ळीचा विमानतळ एकाच रस्त्यावर आहेत. नोकरी बदलली तरी रस्ता तोच राहिला. बाकी बरंच बदललं. तळाच्या फाटकावर पहारेकरी सलाम ठोकायचा. इथे गणवेशातल्या वैमानिकालाही बेल्ट काढून ट्रेमध्ये ठेवावा लागतो. ड्यूटीच्या आधी नळीत फुंकून आपण प्यायलेलो नाही हे सिद्ध करावं लागतं. खांद्यावर तीन पट्ट्या आल्या. कॅप्टनला चार असतात.

विमानात कॅप्टन डावीकडे बसतो, सहवैमानिक उजवीकडे. वर्षानुवर्षं डावीकडे बसलेला माणूस उजवीकडे गेला की पहिली अडचण हातांची होते. डावीकडे डावा हात विमान वळवतो आणि उजवा इंजिनाची ताकद सांभाळतो; उजवीकडे हेच उलट. पवनकुमारांचे हात लवकर शिकले. तोंडाला वेळ लागला. कॅप्टन विमान उतरवत असेल तेव्हा सहवैमानिकाने आकड्यांवर नजर ठेवायची आणि एखादा आकडा सुटला की फक्त त्याचं नाव घ्यायचं. उदाहरणार्थ, ‘स्पीड’. त्यावर कॅप्टन म्हणतो ‘करेक्टिंग’, म्हणजे दुरुस्त करतोय. त्यावर सहवैमानिक म्हणतो ‘चेक्ड’. शब्द ठरलेले, इंग्रजी, पुस्तकात छापलेले. सल्ला द्यायचा नाही, हुकूम तर नाहीच. हुकूम द्यायची सवय असलेल्या माणसाला हे जड गेलं. आपला सूर चढला तर नाही ना, हे पवनकुमार सतत तपासत राहिले.

यंदा कॅप्टनच्या प्रशिक्षणासाठी त्यांचं नाव पुढे गेलं होतं. पुन्हा डावी खुर्ची मिळणार होती. हणमंतरावांनी आवारात सगळ्यांना आधीच सांगून टाकलं होतं.

तेवढ्यात एक प्रकरण घडलं. विमान कोलकात्याहून येत होतं. दुपार होती, आकाश कोरडं, वारा थोडा खट्याळ. कॅप्टन होत्या मृण्मयी दांडेकर. पुण्याच्या, पवनकुमारांपेक्षा दहा वर्षांनी लहान. त्या त्यांना ‘सर’ म्हणत, कारण ते विंग कमांडर होते. ते त्यांना ‘मॅम’ म्हणत, कारण त्या कॅप्टन होत्या. दोघांत वरचा कोण, हे नव्या हवाई सुंदरीला पट्ट्या मोजून ठरवावं लागे. कोलकात्याला चहा पिताना मृण्मयी म्हणाल्या होत्या, “तुमचं मराठी सॉलिड गोड आहे सर, पण हाफ माझ्या डोक्यावरून जातं.”

“आमचं चारशे वर्षांपूर्वीचं आहे मॅम. त्यानंतर अपडेट आला नाही.”

विमान सहाशे फुटांच्या आसपास होतं. चाकं बाहेर, धावपट्टी समोर. वाऱ्याचा एक झोत आला आणि वेग किंचित चढला. पवनकुमार म्हणाले, “स्पीड.” मृण्मयी म्हणाल्या, “करेक्टिंग.” त्यांचा हात तोवर मागे आलेला होता, वेग उतरायलाही लागला होता. मग पवनकुमार आणखी एक शब्द बोलले. तो ‘चेक्ड’ नव्हता. मृण्मयींना तो ‘सॉरी’ असा ऐकू आला.

जमीन सहाशे फुटांवर असताना शेजारचा माणूस सॉरी म्हणाला, तर तो काहीतरी विसरला आहे असंच धरावं लागतं. काय विसरला हे विचारण्याची ती जागा नव्हे. मृण्मयींनी “गो अराउंड” म्हटलं, इंजिनांना ताकद दिली आणि विमान पुन्हा वर नेलं. विमान मोठा फेरा घेऊन परत आलं आणि नीट उतरलं. बोलणं झालं ते विमान जागेवर उभं राहून इंजिनं बंद झाल्यावर.

“काय राहिलं होतं, सर?”

“काही नाही.”

“मग सॉरी का म्हणालात?”

“मी सरी म्हणालो असेन.”

“हो ना, पण कशाबद्दल?”

“कशाबद्दल नाही मॅम. सरी. सरी म्हणजे सरी.”

“सरी? पावसाच्या?” मृण्मयींनी काचेतून कोरड्या आकाशाकडे पाहिलं.

पवनकुमार हसले. गाडीने घरी येताना येलहंक्याच्या पुलावर ते मनातल्या मनात दोन्ही शब्द म्हणून पाहू लागले, आणि हसू गेलं. आपण कुठला म्हणालो हे त्यांना आठवत नव्हतं.

उतरता उतरता विमान वर नेलं म्हणून कंपनी कुणाला बोल लावत नाही. तसं केलं तर पुढच्या वेळी कुणी नेणार नाही. मात्र कारण विचारलं जातं. त्या आठवड्यात प्रशिक्षण विभागाच्या प्रमुखांनी दोघांना बोलावलं. प्रमुख दिल्लीचे, स्वतः जुने वैमानिक. सोबत सुरक्षा विभागाच्या धनलक्ष्मी होत्या, म्हैसूरच्या. कॉकपिटमधलं ध्वनिमुद्रण लावण्यात आलं. ‘स्पीड.’ ‘करेक्टिंग.’ मग खरखर, आणि त्या खरखरीत एक शब्द.

“सॉरी,” प्रमुख म्हणाले. “स्वच्छ आहे.”

“सरी,” धनलक्ष्मी म्हणाल्या. “कुणीही सांगेल.”

पुन्हा लावलं. प्रमुखांना पुन्हा सॉरी ऐकू आलं, धनलक्ष्मींना पुन्हा सरी. मृण्मयी म्हणाल्या की त्या दिवशी त्यांची खात्री होती, आता नाही. पवनकुमारांना स्वतःचा आवाज वडिलांसारखा वाटला. शब्द काही कळला नाही.

प्रमुखांनी हेडफोन काढले. “सरी असेल तर पुस्तकाबाहेरचा शब्द वापरला, एवढंच. सिम्युलेटरमध्ये एक फेरी, विषय संपला. सॉरी असेल तर मला काळजी आहे. म्हणजे काहीतरी चुकलं असं तुम्हाला वाटलं आणि काय चुकलं ते तुम्ही बोलला नाहीत. असा माणूस मी यंदा डावीकडे बसवणार नाही. तुम्ही सांगा, काय म्हणालात?”

“उद्या सांगितलं तर चालेल, सर?”

“आठवायला रात्र लागते?”

बाहेर आल्यावर धनलक्ष्मी कन्नडमध्ये म्हणाल्या, “सर, सरी म्हणून टाका ना. मी ऐकलंय.” त्यांचा हेतू चांगला होता. पवनकुमारांना तेवढंच करायचं होतं आणि तेवढंच करता येत नव्हतं. आकडा दिसला नसताना दिसला म्हणणाऱ्या शिकाऊ वैमानिकांना त्यांनी येलहंक्याला घरी पाठवलेलं होतं.

संध्याकाळी त्यांनी बायकोला, दिव्यश्रीला, विचारलं, “मी सॉरी म्हणतो का गं कधी?”

“तू?” दिव्यश्री डोशाचं पीठ ढवळत होती. “एवढी वर्षं संसार केला, एकदा ऐकलं असतं तर फोटो काढून ठेवला असता.”

पवनकुमारांना बरं वाटलं. तेवढ्यात मुलगी मेघाश्री मोबाइलवरून नजर न काढता म्हणाली, “अप्पा, फोनवर सारखा म्हणतोस की. सॉरी मॅम, सॉरी सर, सॉरी टू डिस्टर्ब. आधी नव्हतास म्हणत.”

“आधी म्हणजे?”

“एअर फोर्समध्ये असताना.”

हे खरं होतं. उजव्या खुर्चीत आल्यापासून सूर खाली ठेवण्यासाठी ते बोलण्याच्या पुढे-मागे सॉरी लावू लागले होते. मृण्मयींनी वेग आधीच पकडला होता. आपण उगाच टोकलं असं वाटून सॉरी गेलं असेल. किंवा वेग उतरताना दिसला म्हणून घरच्यासारखं सरी गेलं असेल. ते खुर्चीत ताठ बसले, समोर धावपट्टी आहे असं मानलं आणि तो क्षण पुन्हा आणून पाहिला. एकदा सरी आलं, एकदा सॉरी. तिसऱ्यांदा दोन्हींच्या मधलं काहीतरी आलं, तेव्हा दिव्यश्री बाहेर येऊन बघून गेली.

सकाळी ते यशवंतपूरला गेले. हणमंतराव गाळ्यावर गोण्यांच्या मध्ये बसले होते. समोर होस्कोट्याचा एक खरेदीदार बटाट्याच्या भावावर अडून होता. बराच वेळ मान हलवून शेवटी तो म्हणाला, “सरी.” हमाल लगेच पाठीवर गोणी घेऊन निघाला.

मुलाने सगळं सांगितलं. हणमंतरावांनी मधे एकदाही तोंड घातलं नाही, हे नवीन होतं.

“म्हणजे तू सरी म्हणालास आणि त्या बाईंनी विमान मागे फिरवलं?”

“म्हणालो असेन तर.”

“आमच्या आवारात सरी म्हटलं की गोणी उचलली. त्यानंतर कुणी फिरत नाही. फिरला तर उद्या त्याला कुणी उभं करत नाही.”

“ते विमान आहे, अप्पा.”

“तेच म्हणतोय. तुझ्या धंद्यात सरी म्हटल्यावर फिरता येतं. स्वल्प बरा धंदा आहे.” मग आवाज खाली आला. “आता त्या साहेबाला काय सांगणार?”

“कळत नाही.”

“मग तेच सांग. पण मी इथे सगळ्यांना सांगून बसलोय, तेवढं लक्षात ठेव.”

पवनकुमारांनी प्रमुखांना तेच सांगितलं. “काय म्हणालो ते मला माहीत नाही, सर. विमानात काही चुकलेलं नव्हतं, हे माहीत आहे. मॅमनी जे ऐकलं त्यावर जे केलं, ते बरोबर होतं.”

“माहीत नाही हे उत्तर मी कुठल्या रकान्यात टाकू?”

सॉरी म्हणायचं पवनकुमारांच्या ओठांवर आलं होतं आणि त्यांनी ते गिळलं. प्रमुखांनी त्यांना बाहेर बसवलं, मृण्मयींना आत बोलावलं, आणि थोड्या वेळाने दोघांना सिम्युलेटरमध्ये पाठवलं. सिम्युलेटर म्हणजे हायड्रॉलिक पायांवर उभी असलेली खोली. आत हुबेहूब कॉकपिट. दोघांनी खुर्च्या बदलायच्या होत्या. पवनकुमार डावीकडे, मृण्मयी उजवीकडे, प्रमुख मागे.

डाव्या खुर्चीत बसल्यावर पवनकुमारांचा हात क्षणभर चुकीच्या बाजूला गेला आणि परत आला. पडद्यावर बंगळूरची धावपट्टी आली, तीच दुपार, तोच वारा. हजार फूट. आठशे. सहाशेच्या जवळ मागून प्रमुखांनी झोत सोडला आणि वेग चढला.

“स्पीड,” मृण्मयी म्हणाल्या.

“करेक्टिंग.” त्यांनी हात मागे घेतला. वेग उतरू लागला.

मृण्मयी आणखी एक शब्द बोलल्या.

पवनकुमारांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. “गो अराउंड,” ते म्हणाले आणि विमान वर नेलं. खोली मागे कलली. चाकं आत गेली, आकडे चढत गेले. मग प्रमुखांनी सगळं थांबवलं.

“काय ऐकलंत?” प्रमुखांनी विचारलं.

“माहीत नाही, सर.”

“वेग ठीक होता. उतरता आलं असतं.”

“आलं असतं. पण मॅम काय म्हणाल्या ते कळलं नाही. न कळलेल्या शब्दावर मी उतरणार नाही.”

प्रमुखांनी मान डोलावली. “ही फेरी पुस्तकातल्या शब्दांची समजा. प्रशिक्षण पुढच्या महिन्यापासून, डावीकडे. आणि तो शब्द, कुठलाही असो, पुन्हा माझ्या कानावर नको.” जिना उतरताना ते स्वतःशीच दोनदा काहीतरी पुटपुटले.

कॉरिडॉरमध्ये पवनकुमारांनी मृण्मयींना गाठलं. “मॅम, तुम्ही काय म्हणालात आत?”

“मला सांगितलं होतं, तुमच्यासारखं सरी म्हणा. धनलक्ष्मींकडून प्रॅक्टिस पण केली.”

“म्हणजे सरी म्हणालात.”

“म्हणायचं तेच होतं, सर.” मृण्मयी थांबल्या. “पण तुम्हाला असं फसवतेय म्हणून ऐन वेळी वाईट वाटलं. आता ऑनेस्टली, नेमकं काय बाहेर पडलं ते मला सांगता येणार नाही.”

खिशातला फोन वाजला. हणमंतराव होते, मागे आवारातला गलका ऐकू येत होता. “काय झालं रे? मिळाली का खुर्ची?”

“मिळाली, अप्पा.”

पलीकडून हणमंतराव एक शब्द बोलले. गलक्यात तो नीट ऐकू आला नाही.

“काय म्हणालात?” पवनकुमारांनी विचारलं.