बासष्टात धरलेले बाबा

माझे वडील लष्करात होते आणि तिकडेच गेले, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "कुठल्या लढाईत?" मी "काँगोत" म्हणते, आणि समोरच्याचा चेहरा कोरा होतो. "तिकडे काय करायला गेले होते?" जसे काही माझे वडील घरी न सांगता भटकायला निघाले होते. एका शिकल्यासवरल्या बाईंनी तर "अय्या, म्हणजे नोकरीला का?" असं विचारलं. साठी उलटली तरी हा प्रश्न आला की माझं डोकं सणकतं.

आमचं गाव सावंतवाडीच्या पुढे. तिथे देवळाच्या वाटेवर एक दगड आहे. या गावातून मोठ्या लढाईला, म्हणजे पहिल्या महायुद्धाला, इतकी माणसं गेली, त्यांतली इतकी कामी आली, एवढंच त्यावर कोरलंय. नाव एकाचंही नाही. इंग्रजाने गुरं मोजावीत तशी डोकी मोजली आणि दगड पुरून मोकळा झाला. माझे आजोबा त्या लढाईला गेलेल्यांच्या आकड्यात आहेत. ते तिकडे इराकात बसऱ्याला गेले आणि परत आले. पुढे आयुष्यभर घरात खजूर आला की उठून अंगणात जायचे, कारण तिकडे एकदा कित्येक दिवस दुसरं काही खायला मिळालं नव्हतं.

बाबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. थंडीत कमरेएवढ्या पाण्यातून नदी ओलांडल्याचं ते आईला सांगायचे. भाकरीला गमतीने तिकडचा शब्द वापरायचे, "पाने वाढ" म्हणायचे, आणि आई पहिल्यांदा खरंच केळीचं पान घेऊन आली होती. हे सगळं मला आईकडूनच ठाऊक. बाबा गेले तेव्हा मी चार वर्षांची होते.

घाटकोपरच्या शाळेत इतिहासाच्या तासाला दोन्ही महायुद्धं आली आणि गेली. जर्मनी आला, जपान आला, तहाची कलमं पाठ करून झाली. मी हात वर करून म्हटलं, "सर, माझे आजोबा आणि बाबा होते तिथे." सर म्हणाले, "ते इंग्रजांचं सैन्य गं. आपला काय संबंध?" वर्ग हसला. आपला संबंध नव्हता तर आजोबा तिथे कुणाच्या पायांनी चालले, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण तेव्हा मी लहान होते.

काँगोचं मात्र इंग्रजांवर ढकलता येत नाही. तिथे आपल्याच सरकारने पाठवलं. आफ्रिकेतला तो देश नुकताच स्वतंत्र झाला होता, एक तुकडा फुटून निघत होता, परदेशी भाडोत्री शिपाई घुसले होते. जगातल्या देशांनी मिळून जी संघटना काढली आहे तिने शांतता राखायला फौज मागितली, आणि आपण अख्खी ब्रिगेड दिली. बाबा हवालदार होते. निघण्याआधी सगळ्यांना निळ्या टोप्या मिळाल्या, कारण त्या संघटनेचा झेंडा निळा. एकसष्टच्या अखेरीस गावात तार आली. बाबा आले नाहीत, त्यांची पत्र्याची ट्रंक आली. तिच्यात घड्या घातलेल्या कपड्यांवर ती निळी टोपी होती.

त्रेसष्टात आई मला घेऊन मामाच्या आधाराने मुंबईत आली. घाटकोपर पश्चिमेला, डोंगराच्या उतारावर, बैठ्या चाळीतली एक खोली. विक्रोळीच्या एका कारखान्यात औषधाच्या गोळ्या पाकिटात भरायचं काम तिला मिळालं. चाळीत बाबांना पाहिलेलं कोणी नव्हतं. तिथे ती वहिनी होती, कारखान्यात बाई होती आणि माझ्या शाळेत माझी आई. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. तो गेल्यावरही नाही. रेशनच्या कचेरीत बाबूने नवऱ्याचं नाव विचारलं की आई मला पुढे ढकलायची, "सांग गो." मग मी सांगायचे, आणि ती खाली बघत ऐकायची. मला ते हास्यास्पद वाटायचं. नाव घेतलं म्हणून काय आभाळ कोसळणार होतं?

बहात्तरचा गणपती आला. आदल्या डिसेंबरात बांगलादेशची लढाई जिंकलेली, त्यामुळे गल्लोगल्ली रणगाडे तयार होत होते. आमच्या चाळीच्या मंडळानेही विजयाचा देखावा धरला. मंडळाचा सेक्रेटरी आमच्याच बाजूचा, महापालिकेत कारकून, उत्साहाने नुसता उतू जाणारा. तो एका रविवारी घरी आला आणि म्हणाला, "वहिनी, यंदा गौरीविसर्जनानंतरच्या दिवशी वीरांच्या घरच्यांचा सत्कार आहे. तुम्ही पाहिजेच. माइकवरून नाव घेणार, नारळ आणि साडी देणार. आणि भाऊंची एखादी वस्तू असेल तर द्या ना, देखाव्यातल्या जवानाला घालू."

कोकणातलं माणूस गणपतीला गावी जात नाही म्हणजे काय, हे ज्याचं त्याला ठाऊक. मुंबईतली नऊ वर्षं आईने एकही गणपती चुकवला नव्हता. रजा मिळाली नाही तर पगार कापून घेऊन जायची. त्या वर्षी तिने मला दिराला पत्र घालायला लावलं की येणं होत नाही. चुलत्याचं उलट पत्र आलं, घरचा गणपती टाकून मुंबईच्या गणपतीत काय ठेवलंय? आईने ते दोनदा वाचायला लावलं आणि घडी करून डब्याखाली ठेवलं. मग ट्रंक उघडली आणि टोपी काढून सेक्रेटरीच्या हातात दिली. "माइकवर नाव सांगतले ना?" एवढंच तिने त्याला विचारलं.

चतुर्थीला आम्ही देखावा बघायला गेलो. प्लायवूडचा रणगाडा, त्यावर तिरंगा, पुढे गुडघे टेकलेले शत्रूचे शिपाई, आणि रणगाड्यावर पाय रोवून उभा पुठ्ठ्याचा जवान. त्याच्या डोक्यावर बाबांची टोपी. ती हिरवी होती. दरवाजाला लावतात त्या ऑइलपेंटने तिला दोन हात दिले होते. बिल्ल्याच्या जागी पुठ्ठ्याचे सोनेरी सिंह चिकटवले होते.

"ही टोपी कोणी रंगवल्यान?" आईने विचारलं.

"पोरांनी, वहिनी. मीच सांगितलं," सेक्रेटरी म्हणाला. "निळी टोपी बघून लोक हसले असते ना. आपल्या जवानाची टोपी कुठे निळी असते? सगळ्या देखाव्याची वाट लागली असती. आता बघा, झकास दिसते की नाय?"

मला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला. आईने हात वर करून टोपी उतरवली. कोणी अडवलं नाही. घरी येऊन तिने ती रॉकेलमध्ये भिजत घातली. सकाळी रंग सुटायला लागला, पण लोकरही त्याच्याबरोबर सुटली. बोटाला लागतील तसे पुंजके येत होते. तिने ते सगळं फडक्यात बांधलं आणि दुपारी खाडीवर जाऊन सोडून आली.

त्या संध्याकाळी सेक्रेटरी पुन्हा दारात. मला वाटलं, माफी मागायला आला असेल. तो सत्काराची यादी घेऊन आला होता, आणि यादीत तीन घरं होती. आम्ही नव्हतो.

"वहिनी, कमिटीत जरा विषय झाला," तो दाराची कडी चाळवत म्हणाला. "लोक म्हणतात, ते तसं युद्ध नव्हतं. शांततेचं काम होतं ना. मग त्याला शहीद कसं म्हणायचं?"

आई चुलीपुढे बसली होती. तिने मान वर केली. "शांतता हुती, तर गोळी खंयसून इली?"

सेक्रेटरीच्या डोक्यात तोड तयारच होती. "तसं नाय वहिनी, मी आहे ना. आपण भाऊंना बासष्टात धरू. चीनच्या वेळचे. एका वर्षाचा तर फरक आहे. तुम्ही इथे आलात त्रेसष्टात, कोणाला काय कळतंय? चीन म्हटलं की कमिटी पण गप्प, लोक पण टाळ्या वाजवतील."

एका वर्षाचा फरक! मधे समुद्र होता, अख्खं खंड होतं, त्यासाठी माणूस जिवाला मुकला होता, आणि हा कारकून त्याला एका वहीतून दुसऱ्या वहीत घातल्यासारखा उचलून हिमालयात नेऊन ठेवत होता. मी म्हणाले, "काही एक करायचं कारण नाही. माझे बाबा काँगोत गेले. तेच सांगा, नाहीतर आम्ही येत नाही." माझा आवाज चढला होता. चौदा वर्षांची होते मी, आणि आई माझ्याच बाजूने बोलणार याची मला खात्री होती.

आईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग सेक्रेटरीला म्हणाली, "नाव मात्र पुरा वाचा. बापाशीच्या नावासकट, आडनावासकट."

तो गेला. मी आईशी दोन दिवस बोलले नाही. मला तिची लाज वाटली, हे आज स्पष्टच लिहिते. एका साडीसाठी बाबांना विकलं, असं मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं नाही, एवढंच नशीब.

सत्काराच्या संध्याकाळी आई ठेवणीतलं करडं लुगडं नेसून पहिल्या ओळीत बसली. मी तिच्या मागे. स्टेजवर वॉर्डातले एक पुढारी पाहुणे म्हणून होते, त्यांच्यापुढे ताटात नारळ रचलेले. आधीच्या तीन घरच्या बायका एकेक करून वर जाऊन आल्या. त्यांतली एक माझ्याहून जेमतेम पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. तिला बघून माझा राग क्षणभर निवला. मग सेक्रेटरीने माइक तोंडाशी ओढला आणि त्याच्या आवाजाला नाटकी कंप चढला.

"आता आपल्याच चाळीचा मान! बासष्ट साली हिमालयाच्या बर्फात, चिन्यांशी लढता लढता ज्यांनी देह ठेवला..."

आई उठली होती. पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन ती स्टेजच्या पायरीपाशी पोचली होती आणि तिने मान वर करून भोंग्याकडे बघितलं. सेक्रेटरीकडे नाही, भोंग्याकडे.

"...ते हवालदार..." आणि त्याने बाबांचं नाव घेतलं. मग आजोबांचं घ्यायला श्वास घेतला.

"खोटं आहे!" मी ओरडले. खुर्चीवर उभी राहून ओरडले. "माझे बाबा काँगोत गेले! चीनच्या लढाईत नव्हतेच ते!"

सगळं मैदान माझ्याकडे वळलं. पाहुण्यांनी उचललेला नारळ परत ताटात ठेवला. सेक्रेटरीने खूण केली, तशी कोणीतरी तबकडी लावली आणि सनईने सगळं झाकून टाकलं. आई पायरीवरच वळली. माझ्याजवळ आली, मला खुर्चीवरून उतरवलं आणि हाताला धरून गर्दीतून घराकडे चालू लागली. मागून कोणीतरी म्हणत होतं, "म्हणजे लष्करात नव्हतेच की काय?" दुसरी म्हणाली, "साडीसाठी माणसं काय काय करतात."

पुढे कित्येक महिने नळावर हेच चाललं. काँगो कुठे आहे हे एकीलाही ठाऊक नव्हतं, पण आमच्या आईने नवरा खोटा शिपाई म्हणून खपवला, हे सगळ्यांना नक्की ठाऊक होतं. सेक्रेटरी मात्र पुढच्या वर्षी मंडळाचा अध्यक्ष झाला. त्याला कोणी विचारलं नाही की हिमालय कुणाच्या डोक्यातून निघाला. चिडायला मला काही कमी कारणं मिळाली नाहीत, आणि मी ती सगळी जपून ठेवली आहेत.

पण त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी अजून तोऱ्यात होते. आईने लुगडं बदललं, त्याची घडी घातली, चुलीवर चहाचं आधण ठेवलं. ती ओरडत नाही हे बघून मला वाटलं, तिलाही पटलंय. मी म्हणाले, "बरं झालं ना? कोणीतरी खरं सांगायलाच पाहिजे होतं."

आईने चहा गाळला आणि कप माझ्यासमोर ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुका खरा व्हया हुता गो. माका तेंचा नाव व्हया हुता. धा वर्सांनी चार लोकांत कोण घेय हुतो. अर्धाच आयकलंय."