घासलेलं पानदान

ज्याला कधी भेटला नाहीत, अशा माणसाविरुद्ध तुम्ही पत्रक छापलं आहे का? मी छापलं आहे.

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बाबा लूमवर कामाला. शिफ्ट संपवून येताना खिशात संघटनेचं पत्रक घडी करून आणायचे, आणि त्यावरच मी वाचायला शिकले. नव्वदच्या दशकात भिवंडीतल्या जुन्या व्यापारी घरांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं सामान टेम्पोत चढू लागलं, तेव्हा मी विशीत होते आणि डोकं तापलेलं होतं. ‘वारसा लुटणारी गिधाडं’ असं पत्रक मी स्वतःच्या शिकवणीच्या पैशांतून छापून आणलं. त्यात जवळच्याच पूर्ण्याच्या एका जुना माल घेणाऱ्याला विशेष झोडपलं होतं. नाव नव्हतं, गाव होतं.

पत्रकं वाटायच्या आतच आमच्या शेजारच्या फुफीचं घर विकलं गेलं. ती साऱ्या गल्लीची फुफी, म्हणजे आत्या. नवरा वारलेला, आता मुंब्र्याला मुलीकडे राहायला जाणार होती. तिचं म्हणणं एकच होतं, “जावयाच्या दारात खाली हाथ नाही जायचं.” घराचे पैसे देणी फेडण्यात गेले; हातात उरलं होतं ते सासरचं जुनं सामान. ते बघायला तिने बोलावलं नेमकं त्या पूर्ण्याच्या माणसाला.

“भंगाराच्या भावात उचलेल तो,” मी म्हणाले. “माल चकचकीत दिसला पाहिजे.”

आदल्या दिवशी आम्ही दोघी चिंच आणि राख घेऊन बसलो. तांब्याची देग, बिर्याणीचं ते मोठं भांडं, लखलखली. मग पानदान घेतलं. काळंकुट्ट, त्यावर चांदीची बारीक वेल. काळं जाईपर्यंत मी घासलं.

“मेरी सास ने कभी घिसा नहीं,” फुफी पुटपुटली.

“आळशी असतील!”

दोघी पोट धरून हसलो.

सकाळी म्हातारा आला. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. आधी हात मागे बांधून नुसता फिरला. मग एकेक वस्तू उलटी करून तिचा तळ बघू लागला. तो सांगेल ते मी कागदावर लिहीत होते. पानदानापाशी तो थांबला.

“ह्या कोनी घासला?”

फुफीने माझ्याकडे पाहिलं.

“मी,” मी म्हणाले.

“बाय, काला रंग म्हंजे मल नव्हता. कारागिराचा कामच तो व्हता. आता ही नुसती सुपारीची डबी हाय, हिला मोल नाय.”

फुफी खाली बसली. “अब मैं क्या लेके जाऊँ?”

म्हातारा खोलीभर बघत राहिला. “गोधड्या कशान ठेवतेस?”

गोधड्यांची लाकडी पेटी आम्ही घासली नव्हती. ती कुणी विकत घेईल असं वाटलंच नव्हतं. त्याने ती रिकामी करायला लावली आणि आम्ही तिघांनी मिळून आडवी केली. तळाला हाताने घडवलेले खिळे होते, लाकूड कुणी न तासलेलं, न रंगवलेलं. तो बराच वेळ त्यावरून बोटं फिरवत होता.

“ही मी मागीन तं भाव पाडूनच मागीन, धंदा हाय माजा. म्हनून आधी मुंबयच्या दोघा जानत्यांना दाखव. तवर हिला पानी नको, तेल नको, आनि ह्या पोरीला जवल येव देव नको.”

मग त्याने यादी मागितली आणि सवयीने कागद उलटा केला. मागे माझं पत्रक छापलेलं होतं. कोऱ्या बाजूवर लिहायची आमच्या घरची पद्धत; मागे काय छापलंय हे त्या गडबडीत मी विसरलेच होते.

त्याने सावकाश वाचलं. “गिधाड बरा लिवलाय. पन मला उलटा न करताच भाव लावलास व्हय?”

फुफी एवढी हसली की तिला ठसका लागला. मी माफी मागितली. तो म्हणाला, “चाय आन आधी.”

पेटी शेवटी मुंबईच्या एकाने चांगल्या भावात घेतली. फुफी मुंब्र्याला गेली ती नातवंडांसाठी कपडे आणि जावयासाठी घड्याळ घेऊन. पानदान तिने ठेवून घेतलं. पुढची काही वर्षं मी म्हाताऱ्यासोबत याद्या लिहीत घरोघर फिरले. मत बनवण्याआधी थांबायचं कसं, हे मी त्याच्याकडून शिकले. पत्रकं मी आजही लिहिते, पण ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याच्या दारात आधी जाऊन येते.

उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर तेव्हा एक मजकूर लिहून वाटला होता, तोच इथे पुन्हा लिहिते. घर रिकामं करत असाल तर काहीही घासू नका. आहे तसं राहू द्या, वस्तू उलटी करून तळ बघा, आणि विकण्याआधी निदान दोन जाणत्या माणसांना दाखवा.