रुंद चाकांची खुर्ची

आमच्या किनाऱ्याची जाहिरात मोठी झोकात आहे. निळा समुद्र, ताजे मासे, आणि चालता न येणाऱ्यांना थेट पाण्यापर्यंत नेणारी रुंद चाकांची खुर्ची. ती ढकलतं कोण, ते मात्र जाहिरातीत नाही. माझे भाऊजी ढकलतात, सहा वर्षं झाली. वाळूतून खाली नेणं एक वेळ ठीक, पण वर आणताना जीव मेटाकुटीला येतो.

उतारापाशीच माझी खानावळ आहे. भाऊजी दुपारी येतात, भात-मासा पुढ्यात ठेवला की घास हातात धरून डुलक्या घेतात.

दोन वर्षांपूर्वी ताईचे पाय गेले. भाऊजी तिला न्हाऊ घालतात, उचलून पलंगावर ठेवतात. पण समुद्रावर न्यायचं नाव काढलं की, "बघू सुट्टीच्या दिवशी." सुट्टीच्या दिवशी खुर्ची कुलपात आणि हे अंथरुणात. शेवटी ताईनं विचारणंच सोडलं. "जगाला फिरवतात," ती मला म्हणाली, "माझाच तेवढा कंटाळा आलाय त्यांना."

माझं डोकंच फिरलं. दिव्याखाली अंधार असावा, पण किती? बुधवारी रिक्षा केली आणि भाऊजींना न सांगता ताईला रांगेत नेऊन बसवलं.

तासभर ती बघत होती. एक आजोबा झाले, एक चांगल्या वजनदार बाई झाल्या. दर वेळी वर येताना भाऊजी निम्म्या वाटेत थांबायचे, खुर्चीच्या दांड्यावर कपाळ टेकायचे, आणि बसलेल्याला संशय येऊ नये म्हणून म्हणायचे, "इथून फोटो छान येतो बरं का." माणसं खूश होऊन फोटो काढायची.

ताईचा नंबर आला. भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिला उचलून खुर्चीत बसवून खाली नेलं. मीही मागोमाग गेले. लाट आली तशी ताईनं वाकून पाण्यात हात घातला.

"अहो, मला वाटलं तुम्ही मला कंटाळलात."

"कंटाळलो नाही गं," भाऊजी म्हणाले. "दमलोय." आणि गणवेशासकट ओल्या वाळूत बसले.

वर रांगेतले एक गृहस्थ घड्याळ दाखवू लागले. मी वर जाऊन सगळ्यांना सांगितलं, "चाक बिघडलंय, अर्धा तास लागेल, तोवर जेवून घ्या." इतक्या समाधानानं मी आजवर खोटं बोलले नव्हते.

वळून पाहिलं, तर भाऊजी ताईच्या मांडीवर डोकं टेकून झोपले होते. ताईनं लांबूनच मला हातानं खुणावलं, आणखी अर्धा तास सांग.