महलबचा वास

रानचेरीची बी फोडली की आत गव्हाच्या दाण्याएवढा गर निघतो. तो वाळवून कुटला की महलब तयार होतं. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या सीरियाच्या सलमाने मला त्याची पुडी दिली. "आईने घरी कुटलंय, ताई." मी ते नानकटाईत घातलं आणि घरभर कडू बदामासारखा गोडसर वास सुटला.

संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी कागद घेऊन आले. तिसरी नानकटाई उचलत म्हणाले, "फर्मास झालीय, वहिनी! आता इथे सही करा. त्या वरच्या मुलीला जागा सोडायला सांगतोय. कसले कसले वास येतात तिच्या घरातून."

"तुम्ही खाताय त्यात तिचाच मसाला आहे," मी म्हणाले.

त्यांनी नानकटाई खाली ठेवली आणि रुमालाने बोटं पुसली. ते पुसणं पाहून माझं डोकं फिरलं. चव तीच होती, फक्त ती कुणाची ते त्यांना कळलं होतं.

मी सही केली नाही. बाकी सगळ्यांनी केली होती.

महिन्याभरात सलमा गेली. जाताना म्हणाली, "वासाचा त्रास झाला असेल तर सॉरी, ताई."

सॉरी तिने म्हणावं! तो संताप अजून माझ्या घशाखाली उतरत नाही.